पापडाचा वारा

आमच्या रायपुरात समुद्र नाही. पण हे शकूताईंना सांगायची सोय नाही.

सकाळी मी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला गेलो की शेजारच्या गच्चीवरून हमखास आवाज येतो, "अवी, आज पाण्यात जायचं नाही बरं का!"

मी बनियनवर, हातात बादली, पायात रबरी चप्पल. सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणमचा, तोही रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. मी म्हणतो, "नाही जात, ताई." त्यांचं समाधान होतं. पण एखाद्या दिवशी माझ्या अंगात येतं आणि मी म्हणतो, "गेलो तर?" मग त्या कठड्यापाशी येतात, चष्मा वर सरकवतात आणि अगदी हळू आवाजात विचारतात, "मजाक नको करू. वारा काय म्हणून राहिला, पायलं का?"

'वारा काय म्हणून राहिला' हे शकूताईंचं पालुपद. लग्नाला निघताना, दवाखान्यात जाताना, इतकंच काय, गोल बाजारात भांडी घ्यायला जातानाही त्या आधी दारात उभ्या राहून वाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतात.

शकुंतला हरदास हे त्यांचं पूर्ण नाव. वडील रेल्वेच्या नोकरीत विदर्भातून इथं आले ते इथलेच झाले. ताईसुद्धा रेल्वेत लागल्या आणि गुढियारीकडच्या मालधक्क्याच्या कार्यालयात सगळी नोकरी काढून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. इथं मोहल्ल्याला पारा म्हणतात; आमच्या तात्यापाऱ्यात त्यांची ओळख एकच होती. ती म्हणजे भित्री बाई.

आणि ती ओळख अगदी खरी होती. प्रेशर कुकरची पहिली शिट्टी झाली की त्या स्वयंपाकघर सोडून व्हरांड्यात येत. पंख्याखाली सरळ झोपत नसत. पलंग तिरपा टाकलेला असे, म्हणजे पंखा पडलाच तर डोक्यावर न पडता बाजूला पडावा. गॅसची टाकी बदलायला आलेल्या माणसाला "हळू, भैया, हळू" असं इतक्या वेळा म्हणत की तो बिचारा स्वतःच घाबरून जाई. स्वतःपुरतं भिणारी माणसं खूप असतात. शकूताई मात्र सगळ्या पाऱ्यासाठी भ्यायच्या. मी स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि लगेच मला ब्रेक दाबून दाखवायला लावला. माझ्या बायकोला, वैशालीला, त्यांनी बजावून ठेवलं होतं, "पोट्ट्याहिले अख्खं द्राक्ष नको देऊ. घशात बसते." समोरचे साहूजी शिडीवर चढले की ताई खाली येऊन शिडी धरून उभ्या राहत. साहूजी वरून म्हणत, "दीदी, आप जाओ ना, आपके डर से सीढ़ी हिलथे!" आणि शिडी खरोखर हलत असे.

अशी बाई वयाच्या साठीनंतर समुद्रात कयाक चालवायला लागली. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद होडी. आत पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं डावीउजवीकडे पाणी मारत जायचं. मी पहिल्यांदा त्या होडीचा फोटो पाहिला तेव्हा मला ती शेवग्याच्या शेंगेसारखी वाटली. शेंगेत शकूताई बसल्या आहेत हे चित्र मला काही केल्या दिसेना.

त्याचं असं झालं. निवृत्त झाल्यावर त्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींबरोबर विशाखापट्टणमला फिरायला गेल्या. बाकीच्या बायका भुईमुगाच्या शेंगा खात बसल्या असताना ताईंना लाटांच्या पलीकडे दोन होड्या दिसल्या. दोन्हींत बायका होत्या. झालं! ताईंनी हातातली पुडी खाली ठेवली आणि त्या दोन अनोळखी बायकांसाठी त्या भ्यायला लागल्या. मैत्रिणी हॉटेलवर गेल्या तरी या तिथंच. होड्या परत आल्या तेव्हा ताई साडी भिजवत पाण्यात गेल्या आणि त्यांतल्या एकीचा हात धरून म्हणाल्या, "बेटा, डर नहीं लगता?"

ती बाई हसून म्हणाली, "बहुत लगता है, आंटी. इसीलिए तो हवा देखकर जाते हैं."

हा किस्सा ताईंनी मला निदान दहा वेळा तरी सांगितला असेल. दर वेळी त्या इथं थांबायच्या. "अवी, आजवर मले सगळ्यांनी म्हटलं, भेऊ नको, भेऊ नको. भेवाचं काही करता येते, हे कोणी सांगितलंच नव्हतं रे!"

परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. गच्चीवर बांबू उभा राहिला, त्याच्या टोकाला जुन्या लाल साडीची पट्टी. वारा कुठून येतो, कुठं जातो, सकाळी किती, दुपारी किती, हे बघणं सुरू झालं. मोबाइलवर वाऱ्याचे रंगीत नकाशे आले. पण नकाशातले आकडे त्यांना पटेनात. "आकड्यानं भेव वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाऱ्यांना आपली नावं दिली.

उदबत्तीचा धूर जेमतेम वाकला तर तो उदबत्तीचा वारा. पदर हलायला लागला की पदराचा. वाळत घातलेले पापड गच्चीवरून उडून साहूजींच्या अंगणात पडले की पापडाचा. आणि मागच्या शेडवरचे पत्रे वाजायला लागले की पत्र्याचा. उदबत्तीच्या वाऱ्यात कोणीही पाण्यात जावं. पदराच्या वाऱ्यात शिकलेल्यानं जावं. पापडाच्या वाऱ्यात जो आत असेल त्यानं परत फिरावं. "अन् पत्र्याच्या वाऱ्यात?" मी विचारलं.

"पत्र्याच्या वाऱ्यात देवाचं नाव घ्यावं. तेबी घरात बसून."

त्यांचे अंदाज मात्र बहुतेक वेळा चुकत. वादळ येणार म्हणून त्यांनी आमच्या कुंड्या आत घ्यायला लावल्या की त्या दिवशी पानसुद्धा हलत नसे. साहूजींनी दाणे वाळत टाकू नयेत म्हणून त्या भांडल्या आणि दिवसभर कडक ऊन पडलं. पण त्यांना त्याची लाज नव्हती. "चुकली तं चुकली. दाणे घरात राहिले, मेले तं नाही?"

मग शिकणं सुरू झालं. धमतरीकडच्या धरणावर होड्या चालवायला शिकवतात असं कळलं आणि ताई बसनं जायला लागल्या. एकट्याच जायच्या. अभनपूरला बस थांबली की खाली उतरून बोट ओलं करून वर धरायच्या. कंडक्टरला वाटायचं, बाईंना काही विचारायचं आहे. धरणावरच्या शिकवणाऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पहले मुझे गिराओ."

तो म्हणाला, "आंटी, पहले चलाना तो सीख लो."

"चलाना बाद में. गिरना पहले." आणि त्या जिद्दीनं पाण्यात पडल्या. होडी उलटली की घाबरून हातपाय न मारता बाहेर कसं निघायचं, उलट्या होडीला कसं धरून राहायचं, होडी सोडून पोहत किनाऱ्याकडे जायचा मोह कसा आवरायचा, हे आधी. पुढे जाणं नंतर. घरी येऊन सांगायच्या, "आज पाच वेळा पडली. लय भेव वाटलं. मस्त झालं."

गोल बाजारात जाऊन त्यांनी झाकण घट्ट बसणारा डबा घेतला. दुकानदाराच्या समोर त्यात पाणी भरून, झाकण लावून, डबा उलटा करून त्याच्याच गादीवर धरला. एक थेंब गळला. दुकानदार ओरडला. ताई शांतपणे म्हणाल्या, "दूसरा दिखाओ, भैया." शिट्टी घेतली तीही वाजवून, भर बाजारात. सगळा बाजार वळून बघायला लागला.

मागच्या वर्षी होळी झाल्यावर एका सकाळी कठड्यावरून विचारणा झाली, "अवी, तुले सुटी आहे का? समुद्रावर सामान धरायले कोणी पाहिजे."

मी वैशालीकडे बघितलं. तिनं माझी बॅग भरायलाही घेतली होती.

विशाखापट्टणमला पोहोचलो त्या संध्याकाळी ताईंनी मला वाळूत उभं करून शिकवणी घेतली. चपला काढून पायाच्या अंगठ्यानं त्यांनी एक रेघ ओढली. हा किनारा. इकडे जमीन, तिकडे समुद्र.

"तू समुद्राकडे तोंड करून उभा आहे. वारा तोंडावर आला तं थो वारा भांडखोर, पण आपला. लय झालं तं किनाऱ्यावर आणून आपटते. पण वारा पाठीवर आला..." त्या थांबल्या. "थो गोडबोल्या. किनाऱ्यापाशी पाणी इस्त्री केल्यासारखं ठेवते. माणसाले वाटते, वा! अन् थो हळूहळू आत घेऊन जाते. जितकं आत जाशील तितकी लाट मोठी. परत फिरलं की मंग समजते, आता सगळा वारा तोंडावर."

रात्री गार झालेली जमीन समुद्राकडे वारा सोडते आणि दिवसा तापली की तोच वारा समुद्राकडून ओढून घेते, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून पहाटे निघायचं, गोडबोल्या वारा निजायला लागला की बाहेर, आणि समुद्राचा वारा जोर धरायच्या आत परत.

"आणि तो निजलाच नाही तर?" मी विचारलं.

"म्हणून तं तुले आणलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नवाच्या आत मी परत येईन. नाही आली तं वाट पायची नाही. तिथं होडीवाल्यांच्या झोपडीत लक्ष्मी असते, तिले सांगायचं, मोटरबोट पाठवा. लाजायचं नाही. कितीक माणसं बुडून नाही मरत, किनाऱ्यावरचा लाजते म्हणून मरतात."

दुसऱ्या दिवशी सूर्य पाण्यातून निघत असताना चार होड्या निघाल्या. शिकवणारा रमणा पुढे; त्याच्यामागे हैदराबादहून आलेले दोघं तरुण आणि शेवटी शकूताई. लाल लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल. किनाऱ्याकिनाऱ्यानं डोंगराच्या टोकापर्यंत जायचं, वळसा घालायचा नाही आणि परत यायचं, एवढाच बेत होता. रमणानंही अंदाज पाहिला होता. वारा आठापर्यंत पडेल असं सगळीकडे दिसत होतं.

समुद्र ताटासारखा सपाट होता. माझ्या मानेवर मागून गार झुळूक येत होती. उदबत्तीचा वारा. मी निश्चिंतपणे चहा मागवला.

चहा संपायच्या आत माझ्या लक्षात आलं की मानेवरची झुळूक आता गार राहिली नाही. कोमट झाली होती. मग गरम. आपल्याकडे वैशाखात पश्चिमेकडून जो वारा येतो, तोंड भाजून काढणारा, तसाच. मी वळून बघितलं. डोंगरावरची झाडं समुद्राकडे वाकत होती. मासे विकायला बसलेल्या एका बाईचा पदर उडाला आणि समुद्राच्या दिशेनं ताठ फडफडत राहिला. तिनं तो कमरेला खोचला आणि पुन्हा मासे मांडायला लागली.

एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी वाळूवरून घरंगळत पाण्यात गेली. लाटांनी ती परत आणून टाकायला हवी होती. ती परत आली नाही. ती पाण्यावरून आत निघाली, सरळ, भरभर, जणू तिला कोणी दोरीनं ओढत होतं. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती ठिपका झाली. मग तोही दिसेना.

माझ्या पोटात गोळा आला.

किनाऱ्यावर सगळे मजेत होते. लोक कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फोटो काढत होते. पाणी त्यांच्याभोवती इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत. मी नारळवाल्याला म्हटलं, "हवा बढ़ रही है."

"अच्छा है ना साब, गर्मी कम लगेगी."

"नावें गई हैं उधर."

त्यानं समुद्राकडे बघितलं. "समंदर तो एकदम शांत है."

मीही बघितलं. जवळ शांत होता. पण दूर, जिथं पाण्याचा रंग गडद होत गेला होता, तिथं पांढरं काहीतरी दिसायचं आणि विझायचं. एक इथं, एक तिथं. ताई त्याला दूध उतू जाणं म्हणायच्या. दोनचार ठिकाणी उतू गेलं तर सावध; सगळीकडे उतू जायला लागलं तर कोणाचंही ऐकायचं नाही, परत. मी बघत होतो तेवढ्यात ते दोनचार ठिकाणचं सगळीकडे झालं.

मी घड्याळात बघितलं. नवाला अजून बराच वेळ होता. त्या म्हणाल्या होत्या, नवाच्या आत. मग आत्ता सांगणं म्हणजे हसं करून घेणं. मी दहा पावलं झोपडीकडे गेलो आणि थांबलो. परत पाण्यापाशी आलो. पुन्हा वळलो. तेवढ्यात मागच्या चहाच्या टपरीचं पत्र्याचं छप्पर खडखडलं.

मग मी पळतच सुटलो.

झोपडीतल्या लक्ष्मीनं माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता दुर्बीण उचलली. तिनं बराच वेळ बघितलं. मग तेलुगूत कोणाला तरी फोन केला. आवाज शांत होता, पण बोलणं संपल्यावरही फोन तिच्या हातातच राहिला. "बोट निकल रही है," ती मला म्हणाली. "दो नाव दिख रही हैं. एक के साथ दूसरी बँधी है."

"चार होत्या," मी मराठीतच बोललो. तिनं पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. तिला कळलं होतं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी पाण्याच्या कडेला उभा होतो आणि गरम वारा माझ्या पाठीला ढकलत होता, चल, चल, असं म्हणत. मला शकूताई व्हरांड्यात उभ्या दिसत होत्या, कुकरच्या शिट्टीला घाबरलेल्या. मला वाटत होतं, या बाईला इथं यायला कोणी सांगितलं? तिरप्या पलंगावर निवांत झोपायचं सोडून? आणि मग मला तो सगळा समुद्र तिरप्या पलंगासारखा दिसायला लागला, एका बाजूला कललेला, आणि त्यावरचं सगळं तिकडे घसरत चाललेलं.

आधी रमणा आला, मोटरबोटीतून. त्याच्यासोबत हैदराबादचे दोघंही. त्यांतला एक जण पार आत उलटला होता. रमणानं त्याला ओढून त्याची होडी आपल्या होडीला बांधली होती. वारा तोंडावर घेऊन दोन होड्या ओढणं त्याच्यानं होत नव्हतं. दुसरा दमून नुसता वाहत चालला होता. उलटलेला पोरगा वाळूवर बसला आणि त्याचे दात वाजायला लागले, एवढ्या उन्हात.

"आंटी कहाँ है?" मी रमणाला विचारलं.

तो धापा टाकत होता. "मैंने बोला था, पहाड़ के पास चिपककर चलो. मुझे इसको पकड़ना पड़ा. जब पलटकर देखा..." त्यानं हात पसरला. बोटवाल्यानं बोट तशीच वळवली आणि रमणाला घेऊन तो पुन्हा निघाला.

मी देवाचं नाव घेतलं नाही. आठवलंच नाही. मी फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात म्हणत होतो, शकूताई, होडी सोडू नका. होडी सोडू नका.

डोंगराच्या टोकाआड दगडांमध्ये चार हात वाळू आहे. तिथं त्या सापडल्या. होडी वर ओढून ठेवलेली, तिच्यात दोन मोठे दगड घातलेले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. शेजारी ताई बसलेल्या. चष्मा गेला होता. गुडघा फुटला होता. तोंडात शिट्टी होती आणि बोट दिसेपर्यंत त्या ती वाजवतच राहिल्या होत्या. वारा समुद्राकडे असल्यानं एकही शिट्टी आमच्यापर्यंत आली नव्हती.

बोट किनाऱ्याला लागली तेव्हा मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि त्यांना धरलं. त्या थरथरत होत्या.

"पापडाचा लागला, तवाच मी वळली," त्या म्हणाल्या. "डोंगर आडवा येते तिथं वाऱ्याचा जोर कमी असते न. म्हणून डोंगराले धरून धरून गेली. हात उचलत नव्हते रे. मी रडून राहिली होती, अवी. पण वल्हवूनही राहिली होती."

लक्ष्मीनं त्यांच्या अंगावर चादर टाकली. तो उलटलेला पोरगा उठून आला, त्यांच्या पायाला हात लावून म्हणाला, "आंटी, आप तो बहुत बहादुर हो." ताई इतक्या रागावल्या की थरथर थांबली. "बहादुर! अरे, बहादुर होती तो तेरे पीछे आती ना!"

तो दिवस आणि ती रात्र त्या झोपूनच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. नवा चष्मा रायपूरला आल्यावरच मिळणार होता, त्यामुळे ताईंना खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. तरी त्या बाहेरच बघत होत्या. घाट आला, बोगदे आले, गेले. मी शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होतो.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "धरणावर पहिल्या दिवशी त्या पोट्ट्यानं विचारलं होतं, आंटी, किनारे पर आपका कौन है? देर हो गई तो किसको फोन करें? सगळ्याहिले विचारतात तसं."

"मग तुम्ही कोणाचा नंबर दिला?"

"माझाच."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"दुसरा पाठच नव्हता रे कोणाचा," त्या म्हणाल्या. "अन् पाठ असता तरी... आता कोणाले म्हणायचं, की बाप्पा, माझी काळजी कर म्हणून? फोन किनाऱ्यावर, माझ्या पिशवीत. पाण्यात बसल्यावर मनात आलं, मी बुडली तं माझीच पिशवी वाजत राहील." आणि त्या हसल्या. खरंच हसू आलं होतं त्यांना. मी शेंग सोलत होतो, ती सोलायची राहिली.

गाडी कुठल्याशा लहान स्टेशनवर थांबली. चहावाला आला, गेला.

"अवी."

"हं."

"तू भेला होता का रे काल?"

"हो, ताई. खूप."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि फार तरुण दिसत होते.

"खूप म्हणजे किती? पोटात गोळा आला होता का?"

"आला होता."

"पळाला होता म्हणे तू. ती लक्ष्मी सांगून राहिली होती."

"पळालो. एक चप्पल तिथंच राहिली."

"अन् मंग? उभा होता का बसला होता?"

"उभाच होतो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"पाणीगिणी पिला?"

"सुचलंच नाही, ताई."

त्यांनी मान हलवली. हातावरचे दाणे तसेच होते. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. गाडी सुटली, तेव्हा वारा आत आला आणि त्यांचे पांढरे केस कपाळावर उडाले. ते मागे सारायलाही त्या विसरल्या.

"पहिल्यापासून सांग न," त्या म्हणाल्या. "मी गेली, तिथून."

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.